आत्मविकासाचे वाचन : काय टिकले, काय गळाले?

सातपूरकर

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझी १९९७ सालची दोनशेपानी वही सापडली. कारखान्यात नोकरीला लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. पहिल्या पानावर लाल शाईने ‘आजपासून २१ दिवस’ असे लिहिलेले आहे, खाली पहाटे उठणे, व्यायाम आणि इंग्रजीचे दहा शब्द असे तीन रकाने आखलेले आहेत, आणि नवव्या दिवसापर्यंत बरोबरच्या खुणा आहेत. नवव्या रात्री दुसऱ्या पाळीनंतर ओव्हरटाइम लागला, पहाटे जाग आली नाही, आणि दहाव्या दिवसापुढे मी स्वतःच्या हाताने ‘नालायक’ असे लिहून वही मिटली. मधली काही पाने कोरी आहेत. त्यापुढे सौभाग्यवतींनी वाणसामानाचा हिशेब लिहिला आहे आणि तो मात्र सलग चार महिने आहे.

हे २१ दिवस आले कुठून, याचा शोध मी निवृत्त झाल्यावर घेतला. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली आपल्या पुस्तकात एवढेच नोंदवले होते की, शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. पुढच्यांनी त्यातले ‘निदान’ गाळले आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्याच सवयी बसवल्या. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक साधी कृती करायला सांगून मोजमाप केले, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले. माणसामाणसांतला फरक तर, १२ आठवड्यांच्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधला तेव्हा, १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. हे वाक्य मला १९९७ साली कोणी वाचून दाखवले असते, तर त्या दहाव्या दिवसापुढे निदान तो शब्द आला नसता.

या विषयावरचे वाचण्याजोगे लिखाण तुम्हाला कसे सापडले, कोणते टाकून दिले आणि कशावरून टाकले, ते सविस्तर लिहावे.

चार दिवसांचा पाहुणा

काका, आपण नऊ दिवस तरी टिकलात. माझी खूण पाचव्या दिवशी नाही, कारण त्या दिवशी पेनच सापडले नव्हते.

गोदाकाठ

मी सावानाची, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, जुनी सभासद आहे. १८४० साली स्थापन झालेल्या या वाचनालयात माझ्या आजोबांपासून आमच्या घरातले कोणी ना कोणी पुस्तक बदलायला जातच आले आहे. यशाची सूत्रे सांगणारी पुस्तके मी एकेकाळी आठवड्याला दोन या वेगाने वाचत असे आणि प्रत्येक पुस्तक संपले की दोन दिवस अंगात वारे भरल्यासारखे वाटे. तिसऱ्या दिवशी मी पूर्वीचीच असे. एकदा देवघेवीच्या खिडकीवर मी तेच पुस्तक दुसऱ्यांदा घेऊन चालले आहे, हे तिथल्या बाईंनी माझ्या लक्षात आणून दिले, कारण मला ते आठवतही नव्हते! तेव्हापासून मी एक कसोटी लावते. पहिल्या वीस-पंचवीस पानांत लेखकाने स्वतःची एक तरी फसलेली गोष्ट, ती कधी घडली आणि त्यात किती पैसे गेले, अशा तपशिलासह सांगितली आहे का, ते पाहते. नसेल तर पुस्तक परत करते. या कसोटीमुळे माझे वाचन हळूहळू आत्मचरित्रांकडे वळले आणि तिथेच रमले.

जुना विक्रेता

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण हे लिखाण विकणाऱ्यांत मी दीड वर्ष होतो. शहरातल्या एका हॉटेलच्या सभागृहात रविवारी आमची सभा भरत असे आणि तिच्यात येल विद्यापीठाची गोष्ट हमखास सांगितली जाई. १९५३ सालच्या पदवीधरांपैकी ज्या ३ टक्क्यांनी आपली ध्येये कागदावर लिहिली होती, त्यांची संपत्ती वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त भरली, अशी ती गोष्ट. मी स्वतः ती पन्नासेक वेळा तरी सांगितली असेल आणि टाळ्या घेतल्या असतील. असा अभ्यास झालाच नव्हता, हे मला ते काम सोडल्यावर कळले. येलनेही शोध घेऊन तसेच सांगितले आहे.

ध्येय लिहून ठेवू नये असे मी म्हणत नाही. पण त्या गोष्टीनंतर लगेच पुढच्या शिबिराची पावती फाडली जात असे. म्हणून आजही कोणताही लेख मी आधी तळापासून वाचतो. शेवटी काही विकायला ठेवले असेल, तर वरचा मजकूर कशासाठी रचला आहे ते समजते.

सातपूरकर

@जुना विक्रेता, आपण हे मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. अशाच एका सभेला मीही पैसे भरून बसलो होतो. टाळ्याही वाजवल्या होत्या.

निफाडचा बागायतदार

पहाटे पाचला उठा, असा सल्ला मला पुतण्या रोज मोबाइलवर पाठवत असे. द्राक्षाच्या फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर पाऊस-धुके असले की डाउनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने आम्ही चारलाच फवारणीचा ब्लोअर जोडून बागेत असतो आणि पाण्याची वीज रात्रीची असली तर झोपच दोन तुकड्यांत होते. त्यामुळे हे सगळे लिखाण ठरलेल्या वेळी कचेरीत जाणाऱ्यांसाठीच आहे असे समजून मी बरीच वर्षे ते वाचले नाही.

माझ्या उपयोगाला आले ते एका शेतकऱ्याचेच लिखाण. आपण कोणत्या दिवशी काय ठरवले आणि का ठरवले, हे तो फवारणीच्या नोंदीशेजारी लिहीत असे. मीही तसा एक रकाना वाढवला. दोन हंगामांनी वही चाळली तेव्हा दिसले की, माझे घाईचे निर्णय बहुतेक वेळा शेजारच्या बागेत ब्लोअर सुरू झाल्याचा आवाज ऐकून घेतलेले होते. खरड छाटणीच्या नोंदी पाहिल्या, तर एप्रिलमध्येही तेच. कोणत्याही पुस्तकाने मला माझ्याबद्दल इतके सांगितले नव्हते.

इंदिरानगरची आई

पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती, ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ लावून सुरू केली, हे वाचून मला फार आपुलकी वाटली होती. मात्र त्याच्या घरी दोन वर्षांचे मूल नसावे. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत जेवढे होईल तेवढे वाचायचे, एवढाच नियम माझ्याकडे टिकला आहे. हा प्रतिसादही दुसऱ्या शिट्टीला लिहीत आहे, त्यामुळे

टाकळीकर

ताईंची तिसरी शिट्टी झालेली दिसते.

समर्थांनी जिथे बारा वर्षे तप केले असे परंपरा सांगते, त्या टाकळीत मी वाढलो, त्यामुळे आमच्या घरी आत्मविकासाचे वाचन म्हणजे दासबोध. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात मूर्खलक्षणे आहेत. आजोबा ती वाचताना आम्हा भावंडांना बोटे मोजायला लावत. आपल्याला लागू पडेल त्या लक्षणाला एक बोट. माझी दोन्ही हातांची बोटे पुरत नसत आणि धाकट्या बहिणीचे एकही बोट वर येत नसे, यावरून भांडणे होत. त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणे आहेत. तो समास आला की आजोबा स्वतःची बोटे मोजत आणि आम्हाला बाहेर खेळायला पाठवत. मी आता पन्नाशीला आलो आहे आणि हा विषय निघाला की तो समास वाचायचे टाळतो.

अनामिका

मला थोडे वेगळे लिहायचे आहे. नोकरी गेल्यानंतरच्या वर्षात मी सकारात्मक विचारांचे लिखाण दिवसरात्र वाचत असे, आणि त्या प्रत्येक पानातून मला एवढेच ऐकू येई की माझे दुःख हा माझाच दोष आहे. अखेर एका लेखात स्वच्छ लिहिलेले सापडले की, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, झोप आणि भूक बिघडली, तर वाचन बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. मी गेले. आपल्या लिखाणाची हद्द कुठे संपते ते सांगणारा लेखक मी आजही जपून ठेवते.

गोदाकाठ

@अनामिका, आपण वेळेवर गेलात हे फार चांगले झाले. कधी बोलावेसे वाटले तर मला जरूर निरोप पाठवावा.

चार दिवसांचा पाहुणा

@निफाडचा बागायतदार, दादा, त्या रकान्याचे एखादे पान इथे दाखवता येईल का? मला शेती नाही, पण शेजारी आहेत.

निफाडचा बागायतदार

दाखवीन, परंतु दिवाळी झाल्यावर. सध्या वही ब्लोअरच्या पेटीत असते आणि तिची पाने औषधाने चिकटलेली आहेत.