शेतकाम, तालमीची मेहनत आणि वजनांचा व्यायाम: पैलवान मुलासाठी मार्गदर्शन हवे आहे

माझा पुतण्या 18 वर्षांचा असून कराड तालुक्यातील आमच्या गावच्या तालमीत लहानपणापासून मातीवर कुस्ती करतो. अलीकडे तो 65 किलो वजनगटात मॅटवर फ्रीस्टाइलही लढू लागला आहे. मातीवर त्याच्या हातात एकदा मनगट आले की सहसा सुटत नाही. मॅटवर मात्र पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायला, झेप घेईपर्यंत समोरच्याने पाय मागे घेतलेला असतो.

मॅटचे प्रशिक्षक म्हणतात की शेतकाम पूर्ण बंद करून आठवड्यातून तीन दिवस बारबेलच्या (दोन्ही टोकांना वजने लावलेल्या लोखंडी दांडीच्या) बैठका, डेडलिफ्ट (ती दांडी जमिनीवरून उचलून सरळ उभे राहणे) आणि उड्यांचे व्यायाम सुरू करावेत. वस्तादांचे मत याच्या नेमके उलट आहे. "लोखंडानं अंग आखडतं, बापजाद्यांनी पोती उचलूनच ताकद कमावली," असे ते सांगतात. दोघांविषयीही आम्हाला आदर आहे, म्हणूनच निर्णय अवघड झाला आहे.

वस्तादांच्या म्हणण्यात मला दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ दिसते. जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणे, करेला (जड लाकडी मुद्गल) फिरवणे, फावड्याने हौदा (कुस्तीच्या मातीचा आखाडा) उकरणे ही तालमीची मेहनत कुस्तीसाठीच ठरवून केलेली आहे आणि ती वर्षानुवर्षे वाढवत नेली जाते. शेतकामाचे तसे नाही. शाहू महाराजांनी ज्या पैलवानांना आश्रय दिला आणि ज्यांच्यासाठी कोल्हापुरात 1912 साली खासबाग मैदान उभे राहिले, त्यांच्या मोठेपणामागे मेहनतीइतकाच खुराक आणि विसावाही होता, ही बाब आपण सोयीस्करपणे विसरतो.

तरीही शेतकाम निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. वैरणीचे भारे बांधून डोक्यावर आणणे, 50 किलोची खताची पोती ट्रॉलीतून उतरवणे, उसाला दारे धरताना चिखलात तासन्‌तास उभे राहणे, यांतून पंजा, कंबर आणि दम तयार होतो, आणि वेडावाकडा भार सांभाळण्याची सवय लागते, जी बारबेलच्या सरळ दांडीवर लागत नाही. अडचण अशी की पोत्याचे वजन दरवर्षी तेच राहते, त्यामुळे ठरावीक मर्यादेनंतर ताकद वाढत नाही. शिवाय दिवसभराचे काम माणूस आपोआप संथ, राखलेल्या वेगाने करतो. मॅटवर तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये 30 सेकंदांची विश्रांती असते. तिथे लागणारा झटका या संथ कामातून येईल असे मला वाटत नाही.

याहून मोठी चिंता झोपेची आहे. शेतीची वीज रात्रपाळीची असली की पाणी पाजायला त्यालाच जावे लागते आणि पहाटे पुन्हा तालीम असते. घरात दुसरा तरणा हात नसल्यामुळे, विशेषतः उसाच्या हंगामात, काम पूर्ण बंद करणे आम्हाला शक्य नाही. त्याच सुमारास जत्रांतील कुस्त्यांची मैदानेही सुरू होतात.

म्हणून ज्यांनी माती आणि मॅट दोन्ही पाहिले आहे, अशा जाणकारांना विनंती आहे की त्यांनी पुढील बाबींवर लिहावे. वजनांचा व्यायाम सुरू केल्यास जोर-बैठकांची संख्या किती कमी करावी, की त्या दमासाठी तशाच ठेवून वजने मोजकी पण जड घ्यावीत? पोती उतरवण्याचे काम ज्या दिवशी असेल तो दिवसच कंबर-पाठीच्या मेहनतीचा धरून डेडलिफ्ट टाळावी का? रात्री पाणी पाजून आल्यावर पहाटेची लढत सोडून फक्त संध्याकाळची ठेवली तर चालेल का? आणि वस्तादांना न दुखावता हा बदल त्यांच्याच देखरेखीखाली कसा करता येईल, याचा कोणाला अनुभव असल्यास तोही सविस्तर सांगावा. तालमीत बारबेल नाही; तालुक्याच्या व्यायामशाळेत जायचे झाल्यास आठवड्यातून दोनच दिवस जमतील, हे लक्षात घेऊन सुचवावे.