मदत हवी आहे: हृदयाचं थ्रीडी मॉडेल मोबाइलवर चालेना

नमस्कार मंडळी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी हृदयाचं थ्रीडी मॉडेल करतेय, मराठी नावांसह. पुस्तकातल्या चित्रात हृदयाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते, तिथेच त्या दरवर्षी अडकतात. मॉडेल बोटाने फिरवलं की लगेच उमगेल.

शरीराच्या अवयवांची थ्रीडी मॉडेल्स असलेल्या जपानच्या बॉडीपार्ट्सथ्रीडी संग्रहातले भाग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घेतलेत. पण मॉडेलचा पृष्ठभाग ज्या बारीक तुकड्यांनी बनतो ती जाळी इतकी दाट आहे की साध्या मोबाइलवर फाइल उघडतच नाही. डेसिमेट केलं, म्हणजे जाळीतले तुकडे कमी केले, की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या तुटतात, आणि हार्ट अटॅक समजावताना मला त्याच तर दाखवायच्यात! धमन्या तशाच ठेवून बाकीचं हलकं कसं करू?

शिवाय हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांची नावं: अलिंद-निलय लिहू की जुनं कर्णिका-जवनिका? शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा.