गठोड्यामागं किलोभर कापूस जातो कुठं?

वेचणीवाली, यवतमाळ जिल्हा
यंदा वेचणी किलोला 10 रुपये ठरली. सांजच्याला मालक कडुनिंबाला काटा टांगतो, आकडा तोच वाचतो, वर "दंवाची ओल" म्हणून गठोड्यामागं किलो कापतो. अरे, दंव उडाल्याबिगर शेतात पाय ठेवू देत नाहीस ना! आणि हा किलो आम्हा विहाराकडच्या पाचजणींचाच जातो, त्याच्या भावकीतल्या बायांचा नाही. पाणी अजून वरून ओंजळीत. बोललं की दुसऱ्या गावच्या बाया गाडीत भरून आणतो. काय करावं?

धुऱ्यावरचा
ताई, आमचंही ऐका. 8 टक्क्यांवर ओल गेली की सरकारी कापूस खरेदी करणारी सीसीआय भाव कापते, 12 च्या वर घेतच नाही. तो तोटा कुठून काढायचा?

वर्ध्याची मास्तरीण
भाऊ, तिथं ओल यंत्रानं मोजतात. तुम्ही वस्ती पाहून मोजता.
ताई, सारख्या कामाला बाई-गड्याला सारखी मजुरी, हा नियम 1976 च्या कायद्यापासूनचा; आता तो वेतन संहितेत आहे. पण गावानं कामंच वाटून घेतली: निंदण-वेचणी बायांची, डवरणी-फवारणी गड्यांची. सारखं काम कुणी करतच नाही, मग कायदा लागू कुठं करता? आमच्याकडं निंदणाला बाईला 250, डवऱ्यामागं गड्याला 450. दिवसभर वाकून कंबर मोडते ते "हलकं" काम! रोहयोवर मात्र दर एकच. म्हणून ते काम निघालं की मोठ्या शेतकऱ्यांच्या पोटात दुखतं.

सुरकी
कायदा राहू द्या, आधी काटा पाहा. युरियाची न फोडलेली बॅग 45 किलोची असते. मालकाच्याच कोठ्यातली आणून त्याच्याच काट्याला टांगा. सगळ्या बायांसमोर, एकटीनं नाही. आम्ही मग वर्गणी करून स्वतःचा काटा घेतला. गाडीतून आलेल्या बायांचं गठोडंही त्यावर मोजून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच विचारत आल्या, "काटा आणला का वो बाई?"

वेचणीवाली, यवतमाळ जिल्हा
काल टांगली बॅग. काटा 43 वर थांबला. मालक म्हणे, गंज चढला असंल. गंजही बरा, एकाच बाजूनं चढतो!
ओलीचा किलो सोडायला तयार नाही, म्हणून आम्ही पाचजणी आज गेलो नाही. रात्री त्याच्या भावकीतल्या दोघी दारात आल्या. पहिल्यांदाच आल्या. म्हणाल्या, आमचंही गठोडं त्याच काट्यावर मोजत होता ना. चहा टाकला. कपातच दिला, त्यांनी घेतला. उद्या त्याही जाणार नाहीत.