जुन्या लोखंडी खिडकीचे पितळी हँडल तुटले आहे. दुरुस्त करावे, बदलावे की खिडकीच काढावी?

पूर्णाकाठ (ता. दर्यापूर)

नमस्कार. आमचे घर दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात असून वडिलांनी ते १९८८ च्या सुमारास बांधले. त्या वेळी बसवलेल्या लोखंडी चौकटीच्या, बाहेर उघडणाऱ्या काचेच्या खिडक्या अजून धडधाकट आहेत. मात्र त्यांच्या पितळी हँडलांनी आता दगा द्यायला सुरुवात केली आहे. पश्चिमेकडील खोलीतील हँडल चोचीपाशी, म्हणजे चौकटीवरच्या पट्टीत अडकणाऱ्या टोकापाशी, तुटले आहे. स्वयंपाकघरातील हँडल अखंड आहे, पण इतके सैल झाले आहे की पल्ला लावून हात काढताच ते आपल्याच वजनाने खाली घसरते आणि वाऱ्याने पल्ला उघडतो. सध्या दोन्ही पल्ले सुतळीने गजाला बांधून ठेवले आहेत. मृग तोंडावर आला असल्यामुळे ही व्यवस्था फार दिवस चालणार नाही.

तालुक्याच्या ठिकाणी हार्डवेअरच्या दुकानात जी हँडले मिळाली, त्यांच्या छिद्रांमधील अंतर जुळत नाही आणि दांडी लांब असल्यामुळे ती आतल्या गजांना अडते. गावातील वेल्डिंगवाले तुटलेली चोच जोडून देतो म्हणतात, सुतारकाका हँडलचा नाद सोडून साधी चिटकणी बसवायला सांगतात आणि धाकट्या भावाच्या मते सगळ्याच खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवाव्यात. खर्चाचा विचार आहेच, पण चांगल्या खिडक्या केवळ हँडलपायी भंगारात घालणे मनाला पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ऐरण (अकोट)

पूर्णाकाठ भाऊ, माझा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे आणि अशा खिडक्या आमच्याकडे दुरुस्तीला नेहमी येतात, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे पितळी हँडल लोखंडाच्या साध्या वेल्डिंग रॉडने जोडायला देऊ नये. पितळेतील जस्त त्या उष्णतेत धूर होऊन उडते, जोड भुसभुशीत होतो आणि पहिल्याच हिसक्याला पुन्हा तुटतो. पितळेचा जोड गॅसवर, पितळी काडी आणि सुहाग्यासारखा फ्लक्स (जोड स्वच्छ ठेवणारी पूड) वापरून भरावा लागतो, आणि तो ज्याला चांगला जमतो असा कारागीर मिळाला तरच त्या वाटेला जावे. तत्पूर्वी तुटलेल्या जागी धातूचा रंग पाहून घ्यावा. आतून पिवळा असेल तर पितळ. करडा आणि दाणेदार असेल, शिवाय चुंबक चिकटत नसेल, तर ते बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे, वरून पितळी मुलामा दिलेले हँडल आहे. ते सुमारे ३८० ते ३९० अंश सेल्सिअसलाच वितळते, त्यामुळे ते जोडण्याचा विचारच सोडावा.

स्वयंपाकघरातील सैल हँडल मात्र टाकून देऊ नये. अशा हँडलची दांडी मागच्या पट्टीत एका रिव्हेटवर फिरते आणि वर्षानुवर्षांच्या वापराने ती रिव्हेट झिजते. हँडल काढून त्याची दर्शनी बाजू ऐरणीवर किंवा जाड लोखंडी ठोकळ्यावर कापड घालून ठेवावी आणि मागे दिसणारे रिव्हेटचे डोके गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने, हलक्या हाताने ठोकत पसरवावे. दोन-चार ठोके मारावेत, दांडी फिरवून पाहावी, पुन्हा ठोकावे. ती बोटाच्या जोराने फिरली पाहिजे, पण सोडल्यावर जागीच थांबली पाहिजे. एकदम जोरात ठोकल्यास दांडी जाम होते आणि मग ती सोडवणे कटकटीचे होते. झीज फारच असेल, तर दांडी आणि पट्टी यांच्यामध्ये पातळ स्प्रिंग वॉशर घालून नवी रिव्हेट बसवून घ्यावी.

तुटलेल्या हँडलच्या बदली दुसरे शोधताना दुकानदाराला केवळ खिडकीचा आकार सांगून उपयोग नसतो. जुने हँडलच सोबत न्यावे आणि चार मापे कागदावर लिहून ठेवावीत: हँडलच्या मागच्या पट्टीवरील दोन छिद्रांच्या केंद्रांमधील अंतर, पट्टीची रुंदी, दांडीची लांबी आणि पट्टीच्या पातळीपासून चोच किती पुढे येते ते अंतर. यातील शेवटचे माप बहुतेक जण घेत नाहीत आणि नेमके तेच चुकले की चोच चौकटीवरच्या पट्टीला शिवतही नाही किंवा तिच्यावर आदळते. शिवाय ही हँडले डावी आणि उजवी अशी वेगळी येतात. त्यामुळे घराच्या आतून पाहताना बिजागऱ्या कोणत्या हाताला आहेत, हेही टिपून न्यावे. नव्या मालात जुळणारे न मिळाल्यास, जुनी घरे पाडल्यावर निघालेले सामान विकणाऱ्यांकडे अवश्य चौकशी करावी. भंगारात आलेल्या जुन्या लोखंडी खिडक्यांवर अशी जाड पितळी हँडले अजून सापडतात आणि माझ्या मते आजच्या हलक्या ॲल्युमिनियमच्या हँडलांपेक्षा ती केव्हाही सरस आहेत.

आता स्क्रूबद्दल. आपल्या खिडक्यांच्या काळातील स्क्रू बरेचदा इंची आट्यांचे, तीन सोळांश इंचाचे असतात. त्यांची जाडी ४.७६ मिमी भरते आणि आज मिळणारा ५ मिमीचा स्क्रू हाताला जवळजवळ तसाच लागतो. परंतु जुन्यात एका इंचात २४ आटे, तर नव्यात दर ०.८ मिमीला एक आटा. त्यामुळे नवा स्क्रू दोन-तीन फेऱ्यांत अडकतो, आणि जबरदस्ती केल्यास पल्ल्यावरील लोखंडी पट्टीचे आटे कायमचे जातात. म्हणून जुने स्क्रू जपून काढावेत. आदल्या रात्री डिझेलचे थेंब सोडून ठेवावेत, सकाळी डोक्यावर हातोडीचा हलका ठोका द्यावा आणि खाचेत घट्ट बसणारा पेचकस लावून आधी किंचित आवळण्याच्या दिशेने व मग उलट फिरवावे. गजांमुळे आतून पेचकस सरळ लागत नसेल, तर पल्ला अर्धा उघडून बाहेरून काम करावे.

सागवान (गडचिरोली)

आमच्या भागात अजून लाकडी खिडक्याच जास्त आहेत, म्हणून थोडक्यात भर घालतो. लाकडी पल्ल्यात हँडल किंवा चिटकणी सैल होते, तेव्हा दोष बहुधा तिचा नसून स्क्रूच्या मोठ्या झालेल्या भोकाचा असतो. अधिक जाड स्क्रू ठोकण्याऐवजी त्या भोकात सागाची किंवा बांबूची बारीक काडी फेव्हिकॉल लावून बसवावी, रात्रभर वाळू द्यावी, वरचा भाग कापून टाकावा आणि स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून तोच स्क्रू पुन्हा आवळावा. पावसाळ्यात फुगून अडकणारा पल्ला त्याच दिवसांत रंधून घेऊ नये. हिवाळ्यात तो पुन्हा आकसतो आणि फट पडते. लोखंडी खिडकीवर चिटकणी लावण्याचा सल्ला मला योग्य वाटत नाही, कारण पातळ लोखंडात स्क्रूला पुरेशी पकड मिळत नाही.

काळी भुई (हिंगणघाट)

ऐरण यांनी दुरुस्ती उत्तम समजावली आहे, परंतु मला मुळात एक शंका आहे. भरीव पितळी हँडल चोचीपाशी आपोआप तुटत नाही. हँडलचे काम लागलेला पल्ला धरून ठेवण्याचे आहे. वाकडा पल्ला ओढून चौकटीत बसवण्याचे नाही. तुमच्याकडे ते दुसरेच काम वर्षानुवर्षे चालले असावे, असा माझा अंदाज आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. उथळ पायाच्या घरांच्या भिंती या हालचालीबरोबर दरवर्षी किंचित वर-खाली होतात, खिडकीच्या कोपऱ्यांपासून तिरप्या चिरा निघतात आणि भिंतीत घट्ट रोवलेली चौकट नकळत तिरकी होते. ती तपासणे सोपे आहे. चौकटीच्या दोन्ही कर्णांची लांबी टेपने मोजावी. ती सारखी नसेल तर चौकट कललेली आहे. त्यानंतर हँडल न लावता पल्ला तळहाताने हलकेच दाबावा आणि कडेने सगळीकडे कागदाची पट्टी सरकवून पाहावी. जिथे ती सहज सरकते तिथे पल्ला टेकत नाही आणि जिथे अडकते तिथे तो आधीच टेकलेला असतो.

पल्ला वाकवण्याच्या फंदात मात्र लगेच पडू नये, काच तडकते. आधी चौकट आणि पल्ला जिथे एकमेकांना भिडतात त्या कडा खरवडून स्वच्छ कराव्यात. दर दिवाळीला दिलेल्या ऑइलपेंटचे थर आणि त्याखालचा गंज मिळून तिथे चांगली जाड साय धरलेली असते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. अनेकदा एवढ्यानेच पल्ला नीट बसतो. तरीही चोच पोहोचत नसेल, तर हँडलवर जोर न लावता चौकटीवरची पट्टी सरकवावी आणि तिची छिद्रे कानशीने लांबट करून घ्यावीत, म्हणजे माती फुगल्यावर आणि आकसल्यावर ती दोन-तीन मिलीमीटर इकडे-तिकडे करता येते.

आणखी एक विचारतो. या खिडक्यांपैकी एखादीत कूलर बसवता का? अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी खारट असते. तेच पाणी कूलरमध्ये वापरले की उडणाऱ्या तुषारांतील क्षार खिडकीच्या लोखंडावर बसतात आणि पितळेला लागून असलेले लोखंडी स्क्रू तर सर्वांत आधी खाल्ले जातात.

नवे घर (वरुड)

ज्यांच्याकडे यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या आहेत त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की त्यांच्या हँडलमागे बहुधा ७ मिमीचा चौकोनी गज असतो आणि दोन स्क्रूंमधील अंतर साधारणपणे ४३ मिमी ठेवलेले असते. त्या चौकोनी गजाची लांबी जुळवून हँडल मागवले की बदलणे अगदी सोपे आहे.

पूर्णाकाठ (ता. दर्यापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काळी भुई यांचा अंदाज बरोबर निघाला. पश्चिमेकडील चौकटीच्या कर्णांत ६ मिमीचा फरक आहे आणि पल्ला खालच्या कोपऱ्यात आधी टेकतो. वर मात्र कागद सहज सरकतो. वरच्या बाजूला ओढून लावण्याची आम्हा सर्वांनाच सवय आहे. कूलरही दर उन्हाळ्यात त्याच खिडकीच्या दुसऱ्या पल्ल्याच्या जागी असतो आणि त्यात बोअरचेच पाणी जाते. हँडलचे स्क्रू काढताना एक अखंड निघाला. दुसऱ्याचे डोकेच हातात आले आणि पल्ल्यावरील पट्टीतील आटेही गेलेले दिसतात. आता ती पट्टी कापून नवी वेल्ड करावी लागेल का? तसे केल्यास काचेचे काय? भावाला मी अजून नकार दिलेला नाही, हेही सांगून ठेवतो.

ऐरण (अकोट)

लगेच वेल्डिंग करू नये. मोडलेल्या स्क्रूच्या मधोमध पंचने खूण करून ५ मिमीचे भोक पाडावे आणि त्यात ६ मिमीच्या स्क्रूचा टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, फिरवावा. जुने आटे त्यातच निघून जातात. टॅप फिरवताना तेल द्यावे आणि अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे असे करावे, नाहीतर टॅप आतच मोडतो. ६ मिमीच्या स्क्रूचे डोके मोठे असल्यामुळे हँडलच्या पट्टीतील छिद्र आणि त्याची खोलगट कडा थोडी वाढवावी लागेल, पण पट्टी अरुंद असेल तर आधी कडेला किती पितळ शिल्लक राहते ते पाहावे. पल्ल्यावरील पट्टीच्या मागे बोट जात असल्यास साधा स्क्रू आणि मागून नट हा उपाय त्याहून सोपा आहे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे घ्यावेत आणि आट्यांना ग्रीस लावून बसवावेत.

पट्टी गंजून पापुद्रे सुटत असतील तरच ती बदलावी. तेव्हा मात्र जवळची काच आधी काढून ठेवावी, कारण वेल्डिंगच्या ठिणग्या काचेत रुततात आणि उष्णतेने ती तडकते. काच परत बसवताना खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून केलेली लांबी वापरावी, ती आठ-दहा दिवस वाळू द्यावी आणि मगच रंग द्यावा. लोखंडाला आधी रेड ऑक्साइडचा (गंजरोधक) हात द्यावा. हँडलची फिरणारी जागा रंगापासून दूर ठेवावी. रंगाने चिकटलेली दांडी जोर लावून फिरवल्यानेही चोच तुटते.

कूलर काढल्यावर, पाऊस सुरू होण्यापूर्वी, ती खिडकी एकदा गोड्या पाण्याने पुसून कोरडी करावी आणि बिजागऱ्या, हँडल, पल्ला अडकवण्याची आडवी दांडी या सर्वांना तेलाचे दोन थेंब द्यावेत. ती आडवी दांडी जागेवर आहे ना, हेही पाहावे. ती नसेल तर वादळात पल्ला आपटतो आणि नवे हँडलही टिकत नाही.

भावाला एवढेच दाखवा की दोन रुळांची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा सायंकाळी पूर्ण उघडणारी खिडकी लागते आणि कूलरलाही तिचाच उपयोग होतो. चौकट जागोजागी कुजली असती तर मीही खिडकी बदला म्हटले असते. तुमच्या वर्णनावरून तसे दिसत नाही. कडा खरवडून पल्ला मोकळा झाल्यावर हँडल बसवा. चौकटीवरची पट्टी मात्र आत्ता हलकीच आवळून ठेवा आणि दोन-तीन मोठे पाऊस पडून जमीन फुगल्यावर चोच कुठे बसते ते पाहून तिला पक्के करा.