सोसायटीच्या ग्रुपवर: लिफ्टचं काय ठरलं?

सेक्रेटरी: लिफ्ट आजही बंद. कंपनीचा माणूस म्हणतो, दाराच्या लॉकचा सिग्नल मिळत नाही, मेन कार्ड (पॅनेलमधला मुख्य सर्किट बोर्ड) बदला. १,४०,००० रुपये, तेही पंधरा दिवसांनी. पॅनेलचा पासवर्ड द्यायला तयार नाही. बाहेरच्याने हात लावला तर एएमसी (वार्षिक देखभाल करार) रद्द!

बी-३०४: पैसे आपले, लिफ्ट आपली, नि हात लावायची चोरी 😡

ए-४०१: गणपती तोंडावर आलेत हो. सासूबाईंना चार जिने कसे चढवू? मिरजोळे एमआयडीसीतला मिस्त्री तासाभरात चालू करून देतो म्हणाला.

सी-१०२: कशी, ते विचारलंत का वहिनी?

ए-४०१: लॉकची वायर डायरेक्ट करतो म्हणे.

सी-१०२: ते अजिबात नको. मग दार उघडं असतानाही लिफ्ट चालणार. एक पाय आत, एक बाहेर, आणि लिफ्ट वर निघाली तर?
लॉकमधले गंजलेले कॉन्टॅक्ट (सिग्नल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) बदलणं ही दुरुस्ती. सेफ्टी काढून टाकणं हा फेरबदल, त्याला लिफ्ट इन्स्पेक्टरची परवानगी लागते, आणि ही तर तो जन्मात देणार नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८७ बघा. वस्तूत फेरबदल केलेला असताना इजा झाली, तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेच्या भरपाईचा दावा चालत नाही. कंपनी हात झटकून मोकळी.

बी-३०४: आणि निस्तरायचं कमिटीने. मिस्त्री कुठे सही देणार आहे?

सेक्रेटरी: मग कंपनी म्हणेल ती पूर्व दिशा?

सी-१०२: तसंही नाही. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोकला होता, सुटे भाग नि माहिती बाहेरच्या गॅरेजना देत नव्हत्या म्हणून. पुढे अपिलं झाली ती वेगळी. पण आदेशात म्हटलंय, बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, चुकीच्या कामाने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच. तो आदेश गाड्यांचा, लिफ्टला थेट लागू नाही, तरी पत्रात घालाच. आणि कार्ड गेलंय की खाऱ्या हवेने नुसते कॉन्टॅक्ट गंजलेत, ते लेखी मागा. मला तर कॉन्टॅक्टच वाटतात. आपल्याकडे ग्रिल दोन पावसाळे टिकत नाही!

ए-४०१: बरं. पण पंधरा दिवस चालणार नाहीत, हे ठणकावून लिहा.

सेक्रेटरी: उद्याच पाठवतो. एएमसीची प्रत कुणाकडे आहे?

बी-३०४: झेरॉक्स आहे माझ्याकडे. भिजल्ये, पण वाचता येते.