आउटफिल्डरचा थ्रो: नुसता जोर की अजून काही?

रात्रीचाप्रेक्षक
मेजर लीग (अमेरिकेतलं व्यावसायिक बेसबॉल) बघायचा नवीन नाद लागलाय. कॉमेंट्रीत सारखं अमक्या आउटफिल्डरचा (म्हणजे लांब मागे उभा राहणारा फिल्डर) आर्म, म्हणजे फेकायचा हात, कसला भारी, ९५ मैल वेगाने फेकला वगैरे चालू असतं, पण मग जोरात फेकणारे सगळेच रनर आउट का करत नाहीत? आणि असिस्टचा (थ्रोमुळे रनर आउट झाला की फेकणाऱ्याच्या नावावर लागतो तो) आकडा बघून कोण भारी ते ठरवता येतं का?

डावाहात
जोर लागतोच, पण जरा हिशेब करून बघ. मेजर लीगमधला सरासरी रनर सेकंदाला साधारण २७ फूट पळतो, म्हणजे बॉल ग्लोव्हमधून काढून सोडायला पाव सेकंद जास्त गेला की तो सहा-सात फूट पुढे, आणि होम प्लेटवर (जिथे पोचलं की रन मिळतो) निकाल लागतो फूट-दीड फुटात! त्यामुळे निम्मं काम थ्रोच्या आधीच झालेलं असतं. फ्लाय बॉलखाली नुसतं उभं नाही राहायचं, थोडं मागे थांबून पुढे येत कॅच घ्यायचा म्हणजे अंगाचा झोक आधीच बेसकडे असतो, मग क्रो हॉप (फेकण्याआधीची छोटी उडी) मारून फेकायचा. बोटं शिवणीवर आडवी हवीत नाहीतर बॉल हवेत वाकडा जातो.

कटऑफमॅन
+१. आणि खाली फेकायचा रे बाबांनो!! उंच गेला की कटऑफवाल्याच्या (मधे उभा राहून थ्रो घेणारा फिल्डर) डोक्यावरून जातो, होमला रनर सेफ तो सेफच, वर बॅटर पण फुकटात सेकंडला. क्रिकेटमध्ये डीपमधून कीपरकडे एक टप्पा टाकतात ना, तसाच सपाट. सिएटलच्या इचिरो सुझुकीचा ११ एप्रिल २००१ चा थ्रो शोधून बघ, राइट फिल्डमधून थेट थर्ड बेस, टेरेन्स लाँग आउट. एवढा लांबून फेकून बॉल फारसा वर चढतच नाही.

जुनापुराणा
असिस्टच्या आकड्यावर फार जाऊ नकोस. १९३० मध्ये चक क्लाइनचे ४४ असिस्ट आहेत, पण फिलाडेल्फियाच्या बेकर बोलमध्ये राइट फिल्डची भिंत जेमतेम २८० फुटांवर होती, म्हणजे तो उभाच जवळ असायचा (फेकायचा चांगलाच, पण तरी). उलट एखाद्याची दहशत बसली की रनर पळतच नाहीत आणि असिस्ट कमी दिसतात. पिट्सबर्गचा रॉबर्टो क्लेमेंटे मात्र वेगळाच, त्याचा हात सगळ्यांना माहीत असून पाच वेळा नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगांपैकी एक) आउटफिल्डरांच्या असिस्टमध्ये पहिला आला, लोक तरी का पळायचे देव जाणे. किती जणांनी जादा बेस घेतला आणि किती जण थांबले ते बघ, त्यातून जास्त कळतं.

रात्रीचाप्रेक्षक
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. पण मग २०१४ चा ओकलंडच्या सेस्पेडेसचा तो थ्रो? त्याच्या हातून तर बॉल चक्क निसटला होता, पाव सेकंद कुठला, चांगला वेळ गेला, तरी लेफ्ट फिल्डच्या कोपऱ्यातून एकही टप्पा न पडता बॉल होमला आणि रनर केन्ड्रिक आउट!

डावाहात
तो नुसताच जोर, मान्य 😄 पण मला वाटतं बॉल निसटला नसता तर केन्ड्रिक थर्डलाच थांबला असता.

कटऑफमॅन
आणि तो बघून शाळेतली पोरं कटऑफ सोडून डायरेक्ट होमला फेकायला लागतात, तो त्रास वेगळाच.