मदत हवी आहे: साध्या फोनसाठी फक्त कॉलचा वार्षिक प्लॅन घ्यावा का?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात बहुतेक वयस्कांकडे बटनांचा साधा फोन आहे, तरी दुकानदार सुचवतो म्हणून रिचार्ज मात्र डेटासह असलेलाच केला जातो. मुदत २८ दिवसांची असल्याने वर्षात १२ ऐवजी १३ रिचार्ज होतात, आणि कापूस घरात येण्याआधीच्या हातटंचाईत मुदत संपली की आधी आउटगोइंग, मग काही दिवसांनी इनकमिंगही बंद पडते. बाहेरगावी असलेल्या मुलांचा फोन लागेनासा होतो. याउलट, रोजचा डेटा रात्री बारानंतर वाया जातो म्हणून तरुण मुले गरज नसतानाही व्हिडिओ पाहत बसतात, हेही मला खटकते.

डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक संस्था ट्रायने फक्त कॉल व एसएमएसचे स्वतंत्र व्हाउचर देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. कापसाचे चुकारे मिळताच आई-बाबांसाठी असा वर्षभराचा प्लॅन एकदाच भरून टाकावा, असा विचार आहे. ज्यांनी तो घेतला आहे त्यांनी कृपया सांगावे की बँकेचे ओटीपी त्यावर नियमित येतात का, आणि पुढे गरज पडल्यास डेटाचे वेगळे व्हाउचर त्याच क्रमांकावर चालते का?